पहिली शेळी दारात बांधण्याआधी

शेळी घ्यायची म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी बोकड उभा राहतो. किती महिन्यांत किती किलोचा होईल, आखाडात विकावा की बकरी ईदपर्यंत थांबावे, हा हिशेब तो बोटांवर करून मोकळा होतो. दुधाचे नाव काढले तर "ते काय, चहापुरतं" एवढ्यावर विषय मिटतो. धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या घरांत शेळीचे स्थान बहुधा हेच: अडीअडचणीला विकायची, पोराच्या फीला, दवाखान्याला. दूध निघाले तर निघाले. ही पुस्तिका नेमके दुसरे टोक धरते. ती शेळीकडे दुभते जनावर म्हणून पाहते. आणि तिच्या डोळ्यांपुढे वाचकही ठरलेला आहे: पलसाणा, कडोदरा, चलथाण या पट्ट्यात मिलच्या कामासाठी आलेला, आता इथेच दोन खोल्यांचे घर बांधून राहिलेला, घरामागे थोडी मोकळी जागा असलेला मराठी माणूस. गाय ठेवण्याइतकी जागा नाही, म्हैस झेपणार नाही, पण पोरांना दारचे दूध मिळावे असे ज्याच्या घरात बोलले जाते, तो.

अशा माणसाने शेळी कुठली घ्यावी? तो विचारत विचारत जमनापारी, बीटल, सिरोही अशा दूरदूरच्या नावांपर्यंत पोहोचतो. मोबाइलवर लांब कानांच्या, पोतेभर कासेच्या शेळ्यांचे व्हिडिओ पाहतो, आणि ज्या जिल्ह्यात राहतो त्याच जिल्ह्याच्या नावाची दुधाची शेळी देशात नावाजलेली आहे हे त्याच्या गावी नसते. सुरती शेळी ही दक्षिण गुजरातची, सुरत-भरूच-बडोद्याकडची जात. रंग पांढरा, केस आखूड आणि तुकतुकीत, बांधा मध्यम, मादीचे वजन साधारण तीस किलोच्या आसपास. कास भरलेली, सड मोठे आणि खाली निमुळते होत गेलेले, म्हणजे मुठीत नीट बसणारे. काही जुन्या नोंदींत हिलाच खानदेशी किंवा निमाडी असेही म्हटलेले आहे. तापीच्या खोऱ्यात वर गेले की नंदुरबार-धुळ्याकडेही हीच पांढरी शेळी दिसते. म्हणजे पलसाण्यातला खानदेशी माणूस ज्या शेळीला परकी समजेल, ती त्याच्या आजीच्या दारात उभी असण्याची शक्यता बरीच आहे. नवसारी इथून जवळच आहे आणि तिथे या जातीवर संशोधनाचे काम चालते. राजस्थान-पंजाबातून ट्रकने जनावर आणण्याआधी तिकडे एक चक्कर मारावी, हा माझा आग्रह आहे.

सुरतीची आणखी एक खोड सांगितली जाते, आणि तीच इथे गुण ठरते: हिला लांब चालवत नाही. माळावर दिवसभर हिंडून पोट भरणाऱ्या उस्मानाबादीपुढे ती नाजूक वाटते. पण पलसाण्यात माळ आहेच कुठे? महामार्गाच्या दोन्ही अंगांना ऊस, उसाच्या पलीकडे डाइंग-प्रिंटिंगच्या मिल, त्यांच्यामागे चाळी आणि सोसायट्या. चरायला सोडलेली शेळी एक तर कुणाच्या उसात शिरते, नाहीतर ट्रकखाली येते. इथे शेळी दारात बांधूनच पोसावी लागते, आणि सुरती पिढ्यान् पिढ्या तशीच पोसली गेली आहे. शहराच्या गल्लीत, घराच्या ओट्याशी बांधलेली, दोन वेळा धार देणारी.

आता मुख्य मुद्दा. शेळी घेणारा माणूस दूध विकत घेतो आहे असे समजतो. तो खरे तर एक वेत विकत घेत असतो. वेत म्हणजे व्याल्यापासून आटेपर्यंतचा काळ. शेळी नळ उघडल्यासारखी बारा महिने दूध देत नाही. ती माजावर यावी लागते, फळावी लागते, साधारण दीडशे दिवस गाभण राहावी लागते, व्यावी लागते, आणि पुन्हा फळल्यावर पुढच्या वेताच्या दोन महिने आधी तिला आटवावी लागते. हे चक्र ज्याला मान्य नाही त्याने पिशवीचे दूध घ्यावे, ते रोज सकाळी येते. सुरत जिल्ह्यात सुमूलचा सहकारी संघ १९५१ पासून हे काम करतो आहे आणि त्याच्याशी स्पर्धा करायला कुणी शेळी बांधत नाही. त्याच्या गावोगावच्या मंडळ्यांवर दूध जाते ते गाई-म्हशींचे. शेळीचे दूध घरात प्यायचे, उरले तर शेजारी द्यायचे. म्हणून "किती लिटर देते?" या प्रश्नाआधी "कितवे वेत, कधी व्याली, पुन्हा फळली आहे का?" हे तीन प्रश्न विचारावेत. पाठ्यपुस्तके सुरतीच्या नावावर दिवसाला दोन-अडीच लिटर मांडतात. नवख्याने दारातल्या शेळीचा हिशेब लिटर-दीड लिटर धरूनच करावा, आणि तोही वेताच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरता. व्याल्यावर महिना-दीड महिन्यात दूध सर्वांत वर जाते, मग उतरत जाते. विकणारा दाखवतो तो आकडा त्या शिखरावरचा असतो.

याच चक्रातून खरेदीची वेळ ठरते. दक्षिण गुजरातचा पाऊस शेळीला मानवत नाही. तिला थंडी चालते, ऊन चालते, ओल चालत नाही. श्रावणात जन्मलेली करडे चिखलात, माश्यांत, ओल्या गोठ्यात ढासळतात. हगवण लागली की दोन दिवसांत हातची जातात. जी शेळी ज्येष्ठात फळते ती कार्तिकात विते, पाऊस मागे पडलेला असतो आणि करडांना कोरडी जमीन मिळते. त्याच सुमाराला उसाची तोड सुरू होते. डांग, नंदुरबार, धुळ्याकडून कोयता घेऊन आलेली जोडपी शेतांच्या कडेला पाले ठोकतात आणि हिरव्या वाढ्यांचे भारे मिळू लागतात. तेव्हा पहिली शेळी घ्यायची तर दिवाळीनंतर, दुसऱ्या वेताची, नुकतीच व्यालेली, करडू पायाशी असलेली. पहिलारू स्वस्त मिळते, पण ती आणि तुम्ही दोघेही नवखे, आणि दोन नवख्यांची गाठ पडू नये. ऐन पावसाळ्यात "स्वस्तात देतो" म्हणून आलेली शेळी बहुधा त्या पावसाळ्यानेच स्वस्त केलेली असते.

बाजारात काय पाहायचे याचे सविस्तर प्रकरण पुढे आहेच. मी फक्त दोन जागी थांबतो, कारण तिथेच नवखा माणूस फसतो.

पहिली जागा तोंड. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे कडक हिरडी असते, तेव्हा "दात पडलेत" म्हणून घाबरू नये. खालचे आठ दात मोजायचे. दुधाचे दात बारीक आणि टोकदार, कायमचे रुंद, फावड्यासारखे. मधली जोडी बदललेली असेल तर दोन दाती, म्हणजे वर्ष-दीड वर्षाची. दुसरी जोडी बदलली की चार दाती, मग सहा दाती, आणि चौथ्या वर्षाच्या आसपास तोंड पूर्ण जुळते. दुसऱ्या वेताची म्हणून दाखवलेली शेळी पूर्ण जुळलेल्या तोंडाची निघाली, वर दात झिजून त्यांत फटी पडलेल्या असल्या, तर विकणाऱ्याने मधली दोन-तीन वेते गिळली आहेत असे समजावे.

दुसरी जागा कास. बाजाराच्या आदल्या सकाळपासून धार न काढता कास तुंबवायची आणि शेळी उभी करायची, ही युक्ती जनावरांच्या बाजाराइतकीच जुनी आहे. फुगलेली कास पाहून भाव ठरवू नये. समोर धार काढायला लावावी, आणि जमल्यास विकणाऱ्याच्या घरी जाऊन संध्याकाळची आणि दुसऱ्या सकाळची अशा दोन धारा पाहाव्यात. दूध काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ, सुरकुतलेली व्हायला हवी. काढल्यावरही ती तशीच टणक राहिली तर ते दूध नव्हते, मांस होते, किंवा जुन्या कासदाहाच्या गाठी होत्या. दोन्ही सडांतून सारखी धार येते का, सडाला दुसरे बारीक छिद्र आहे का, धारेत पाणी किंवा गाठी आहेत का, हे हाताने आणि डोळ्याने पाहायचे. पायाशी उभे असलेले करडू खरेच तिचे आहे का, तेही पाहावे. दुसऱ्याचे करडू असेल तर शेळी त्याला हुंगून शिंगाने दूर सारते.

शेळी दारात आली की प्रश्न उरतो धार कोण काढणार याचा. हा प्रश्न वरवर घरगुती, पण सुरतेच्या कामगार घरांत तोच सगळ्यांत अवघड. लूमची पाळी बारा तासांची, आणि धारेचे अंतरही बारा तासांचे असले तर उत्तम. दिवसपाळीत पुरुष सकाळी सहाला धार काढतो, रातपाळीत तोच त्या वेळी मिलमधून निघालेला असतो. पाळी बदलली म्हणून धारेची वेळ बदलली की शेळी आठवड्याभरात दूध कमी करते. म्हणून बहुतेक घरांत हे काम शेवटी बाईकडेच येते आणि शेळी तिचीच होते. ते आधीच मान्य करून तिला विचारून शेळी घ्यावी, एवढेच माझे म्हणणे. घरातल्या दोघांना तरी धार यायला हवी. लग्नाला गावी जायचे ठरते तेव्हा दुसरा हात लागतो.

धार काढणे हे लिहून शिकवता येत नाही असे म्हणतात. पण निम्मे शिकवता येते. शेळी ओट्यावर किंवा फळीच्या घडवंचीवर उभी करावी, पुढे खुराकाचे घमेले ठेवावे. हात धुऊन, कास कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडी करावी. पहिल्या दोन धारा भांड्यात न घेता काळ्या कापडावर घ्याव्यात. काळ्यावर पांढरी गाठ लगेच दिसते आणि कासदाह एक दिवस आधी कळतो. मग अंगठा आणि तर्जनी यांची कडी करून सडाचे मूळ बंद करायचे, म्हणजे दूध वर कासेत परत जाणार नाही, आणि बाकीची बोटे एकामागून एक मिटत आणायची. मूठ मिटते, धार सुटते, मूठ उघडते, सड पुन्हा भरतो. ओढायचे नाही. चिमटीत धरून खाली ओढण्याची सवय लागली की सडाच्या आतल्या अस्तराला इजा होते, आणि दुखले की शेळी पाय भांड्यात घालते. तिचा दोष नसतो. सुरतीचा मोठा सड या मुठीसाठीच जणू घडलेला आहे, मात्र पहिले आठ-दहा दिवस मनगट भरून येते आणि भांड्याबाहेर अर्धी धार जाते, त्याला इलाज नाही. शेवटी दूध पूर्ण काढून घ्यावे, आत ठेवू नये.

जबरदस्तीने पान्हा सोडवण्याचा इतिहास आपल्याकडे लाजिरवाणा आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर असताना १९१२ मध्ये दूध सोडले. त्यामागे संयमाचा विचार होता, तसाच गाई-म्हशींना पान्हा सोडायला लावण्यासाठी गवळी करत असलेल्या फुक्याच्या क्रूरपणाचाही. पुढे खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या धावपळीत आमांशाने ते अंथरुणाला खिळले, मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय अंगात ताकद येणार नाही असे सांगितले, आणि कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना गाय-म्हैस मनात होती, शेळीला काय हरकत? १९१९ पासून शेळीचे दूध त्यांच्या आहारात आले ते कायमचे. शब्द पाळला पण व्रताचा आत्मा मोडला ही बोच मात्र त्यांनी आत्मकथेत लपवलेली नाही. पलसाण्याशेजारच्या बारडोलीत, स्वराज आश्रमात पुढे त्यांचे अनेक मुक्काम झाले, त्या काळात शेळीचे दूध हा त्यांच्या जेवणाचा ठरलेला भाग होता. फुका आता मागे पडला, पण तबेल्यांत पान्ह्याचे इंजेक्शन आले. घरच्या शेळीला त्यातले काहीच लागत नाही. रोजची वेळ, रोजची जागा, रोजचा हात, आणि समोर घमेले, एवढ्यावर ती पान्हा सोडते. करडाला आधी अर्धा मिनिट लावले तर आणखी लवकर.

वैरणीबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे, की शेळी काहीही खाते. ती काहीही चाखते, खाते निवडून. जमिनीवर पडलेले, तुडवलेले, मूत लागलेले ती तोंडात घेत नाही. म्हणून गव्हाण छातीच्या उंचीवर हवी किंवा पाल्याची पेंढी टांगावी. शेवरी, सुबाभूळ, शेवग्याचा पाला, बोर-बाभूळ, थोडा लसूणघास, जोडीला तुरीचे किंवा हरभऱ्याचे भूस. दूध देणाऱ्या शेळीला मक्याचा भरडा, पेंड, कोंडा असा खुराक वेगळा. बाजारातले गाई-म्हशींचे दाणही मोठ्या शेळीला चालते, सवय आठवड्याभरात हळूहळू लावली तर. करडांना मात्र ते देऊ नये. उसाचे वाढे फुकट मिळतात म्हणून त्यावरच शेळी ठेवली तर पोट भरते, दूध येत नाही. बांधावरचे गवत कापताना त्या शेतात तणनाशक मारले आहे का हे आधी विचारावे. ऊसवाला सहसा सांगतो, पण विचारले तरच. नाल्याचे पाणी तिला पाजू नये, आपण पितो तेच पाजावे.

आणि लग्नाचे उरलेले अन्न. यावर मी जरा चिडून लिहितो आहे, कारण शेळ्या मेल्या की लोक नजर लागली म्हणतात. जेवणावळीनंतर भाताचे पातेले आणि पुऱ्यांचा ढीग शेळीपुढे ओतणारे हात प्रेमळ असतात. शेळीच्या मोठ्या पोटात एकदम एवढा भात-मैदा गेला की तो आंबतो, पोट आम्लाने भरते, शेळी फुगते, दात खाते, आडवी होते. त्याच गडबडीत आंत्रविषाराच्या जंतूंचे फावते. सकाळपर्यंत खेळ खलास. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी दरवर्षी, पीपीआर या साथीच्या रोगाची तीन वर्षांतून एकदा, लाळ्या-खुरकूताची सरकारी मोहिमेत येईल तेव्हा. हे सगळे टोचून घेतले तरी भाताचे पातेले दूरच ठेवावे. जनावर पडले तर गुजरातेत १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे, तो दारामागे लिहून ठेवावा.

गोठ्यासाठी फार खर्च नको, पण पायाखाली कोरडे हवे. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच माचाण, फळ्यांमध्ये लेंडी खाली पडेल एवढीच फट, वर पत्रा, पावसाच्या बाजूला आडोसा. नैऋत्येचा झोत इथे तिरका येतो, तेव्हा पत्रा त्या बाजूला जास्त खाली उतरवावा. खुरे दीड-दोन महिन्यांनी कापावीत. ओल्या जमिनीवर न झिजलेले खूर आतून सडते, आणि लंगडी शेळी गव्हाणीपर्यंत जात नाही.

दुधाबद्दल लोक जे बोलतात त्यातले निम्मे खरे आहे. शेळीच्या दुधातले स्निग्धाचे कण बारीक असतात, सायीचा जाड थर येत नाही, अनेकांना ते पचायला हलके वाटते. ते पांढरेशुभ्र असते, गाईच्या दुधासारखी पिवळी झाक त्यात नसते. वास येतो असे म्हणतात, तो बहुधा शेजारी बांधलेल्या बोकडाचा आणि उघड्या भांड्याचा असतो. बोकड लांब, भांडे झाकलेले आणि दूध लगेच गाळून तापवलेले असेल तर पाहुण्यांना चहात फरक कळत नाही. पण तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी शेळीचे दूध पाजणे धोक्याचे आहे. त्यात फोलेट फार कमी असते आणि त्यावरच वाढलेल्या बाळाला पंडुरोग होतो. गाईच्या दुधाची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलालाही ते डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये, कारण प्रथिने बरीच सारखी असतात. पावसाळ्यात डेंगी आला की शेळीच्या दुधाचा भाव कुठल्या कुठे जातो. त्याने प्लेटलेट वाढतात याला काही आधार नाही, आणि कच्चे प्यायले तर ब्रुसेलाचा ताप मात्र अंगावर येऊ शकतो. उकळूनच प्यावे, मग ती शेळी कितीही घरची असो. घेण्यापूर्वी तिची ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घेतली तर उत्तम.

आता ज्या गोष्टीवर शेळीपालनाची पुस्तके गप्प बसतात ती. दर वेतात करडे येणार, अनेकदा जुळी, आणि त्यांतले निम्मे बोकड. पोरे त्यांना नावे ठेवणार. काळ्या मसाल्याचे मटण आवडीने खाणाऱ्या घरातही दारात वाढलेल्या बोकडाची वेळ आली की जेवण घशाखाली उतरत नाही, आणि माळकरी घरात तर प्रश्न आणखी टोकाचा. याचे उत्तर शेळी आणण्याआधी घरात बसून ठरवावे: तीन-चार महिन्यांनी विकायचा, कुणाला, आणि त्या वेळी मुलांना काय सांगायचे. एक-दोन शेळ्यांसाठी घरचा बोकड ठेवणे परवडत नाही. माजावर आलेली शेळी चांगल्या बोकडाकडे नेऊन फळवून आणायची. माज जेमतेम दीड-दोन दिवस टिकतो, हुकला की एकवीस दिवस थांबा. सारखी ओरडते, शेपूट हलवते, खाणे टाकते ती आजारी आहे असे समजून औषध देणारेही मी पाहिले आहेत.

शेवटची गोष्ट संख्येची. शीर्षकात एका शेळीचे नाव असले तरी एकटी शेळी ठेवू नये. कळपाचे जनावर आहे, एकटी पडली की दिवसभर हंबरडा फोडते आणि चाळीतले शेजारी घरमालकाकडे जातात. दोन घ्याव्यात, पण एकाच वेळी नव्हे. पहिली कार्तिकात व्यालेली आणावी. हात बसला, वैरणीचा बंदोबस्त जमला, पहिला पावसाळा पार पडला, की दुसरी अशी निवडावी जी पहिलीच्या आटण्याच्या सुमारास विणार असेल, आणि त्या करडांसाठी कोरडा कोपरा राखावा. तोवर सोबतीला पहिलीचीच एखादी पाट, म्हणजे मादी करडू, ठेवता येते. मधल्या दोन महिन्यांत दूध पिशवीचे आणावे लागले तर आणावे. पोटात करडू वाढवणारी शेळी शेवटच्या थेंबापर्यंत पिळत राहिलो, तर पुढचे वेत अर्ध्यावर येते.